कार्बन आर्क: ठिणगी पडते, पण आर्क टिकत नाही आणि नीट बघताही येत नाही

काजळी:
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. गेले दोन महिने कार्बन आर्कच्या मागे लागलोय, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या टेकवून जरा लांब केल्या की मधल्या फटीतून वीज वाहत राहते आणि झगझगीत उजेड पडतो, तो. सुरुवात अगदी साधी झाली, जुने संपलेले सेल फोडले, मधल्या काळ्या कांड्या काढल्या, बारा व्होल्टच्या बॅटरीला फ्यूज टाकून जोडल्या आणि टोकाला टोक टेकवलं. टेकल्या जागी आधी लाल ठिपका, मग पिवळा, मग एकदम पांढरा. पण कांड्या केसभर लांब केल्या की चट् आवाज आणि सगळं विझलेलं. म्हणजे कांडी तापून चमकत होती, आर्क असा नव्हताच. शिवाय त्या कांड्यांमध्ये मेण मुरवलेलं असतं हे मला माहीत नव्हतं, तापल्यावर त्यातून असा काही धूर निघाला की खोकून खोकून बेजार झालो.

सेल फोडणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, फक्त साधे झिंक-कार्बन सेल. अल्कलाइनमध्ये कार्बनची कांडी नसतेच, वर आतलं रसायन कातडी जाळतं, आणि लिथियमच्या तर वाटेला पण जाऊ नका, तो उघडला की पेटतो.

मग एका मित्राचं वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन मिळालं, डीसी, आणि गाउजिंगच्या (धातूत खाच पाडायच्या) कार्बन कांड्या, साडेसहा मिमीच्या, वरून तांब्याचा मुलामा असलेल्या. चाळीस अँपिअरवर ठेवून टोक टेकवलं आणि मागे घेतलं तर काय उजेड! अख्खी शेड निळसर पांढरी. पण तीन-चार सेकंद टिकतो आणि तुटतो, परत टेकवा, परत तुटतो. आणि सारखा फिस्स्स असा आवाज, गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर येतो तसा, पण न थांबणारा.

आता मुख्य दुखणं. काळ्या काचेतून मला एक हिरवट ठिपका दिसतो, बाकी काही नाही. कुठली कांडी कशी झिजतेय, आर्क नक्की कुठे बसलाय, काहीच कळत नाही. आणि काचेशिवाय बघणं शक्यच नाही, ते मी भोगलंय. दुसऱ्या दिवशी हँडशील्ड तोंडासमोर येण्याआधी सात-आठ वेळा आर्क पेटला, दरवेळी क्षणभरच, मला वाटलं एवढ्याने काय होतंय. संध्याकाळी काही नाही. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यात मूठभर रेती घातल्यासारखी, पापणी उघडवेना, पाणी थांबेना, भिंत धरून बाथरूमपर्यंत गेलो. डॉक्टरांनी थेंब दिले, अंधारात पडून राहायला सांगितलं, दीड दिवस गेला. तेव्हापासून शील्ड आधी, मशीन चालू नंतर.

तर दोन प्रश्न आहेत. आर्क टिकवायचा कसा, आणि डोळे न गमावता तो बघायचा कसा?

जुना_होल्डर:
काजळी, तुमच्या डोळ्याला आर्क लागला होता, आमच्या शॉपमध्ये प्रत्येक नवीन पोराला एकदा तरी लागतोच. त्यातली फसवणूक हीच की तेव्हा दुखत नाही, सहा-आठ तासांनी दुखतं, कारण डोळ्याचं वरचं पातळ आवरण उन्हाने कातडी भाजते तसं भाजलेलं असतं आणि त्याचा दाह चढायला वेळ लागतो. कातडीचंही तेच. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवून काम करा, रात्री गळ्याखाली लाल त्रिकोण उमटलेला बघा. जाड सुती पूर्ण बाह्या, बटण गळ्यापर्यंत, नायलॉन अंगावर नको. काचेचं म्हणाल तर साध्या रॉडला दहा-अकरा नंबर चालतो पण उघड्या कार्बन आर्कला चौदा नंबरची काच सांगतात. तुम्ही कुठली वापरली ते लिहिलं नाही.

आता आर्क का तुटतो ते. साधा वेल्डिंग रॉड वीस-पंचवीस व्होल्टवर चालतो, ही छोटी इन्व्हर्टर मशीनं त्याच हिशोबाने बनवलेली असतात. कार्बनच्या आर्कला चाळीसच्या वर व्होल्ट लागतात. तुम्ही कांडी जरा लांब नेली की मशीनची दमछाक होते आणि ते हात वर करतं. म्हणून गॅप दोन-तीन मिमीच्या पुढे जाऊ देऊ नका. मशीनवर व्हीआरडी असेल तर ते रिकाम्या वेळी व्होल्टेज पाडून ठेवतं, सुरक्षेसाठी असतं ते, बंद करायच्या फंदात पडू नका, टोक नीट टेकवून सावकाश उचललं की मशीन जागं होतं.

अजून एक, टोकाकडचा चार-पाच सेंटिमीटर तांब्याचा मुलामा कानशीने काढून टाका. ते तांबं जळून धूर होतो, तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. होल्डरच्या पकडीत मात्र तांबं राहू द्या, तिथे ते हवंच, नाहीतर पकड तापते.

आणि आजूबाजूला ब्रेक क्लीनर, डीग्रीझर असले क्लोरीनवाले स्प्रे मारलेले असतील तर त्या जागी आर्क पेटवूच नका. आर्कच्या अतिनील किरणांनी त्या वाफेचा फॉस्जीन होतो, विषारी गॅस आहे तो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला. हे मी कानीकपाळी ओरडून सांगत असतो.

नवशिका:
भारी धागा. माझ्याकडे वेल्डिंग मशीन नाही. पण एक जुना मायक्रोवेव्ह पडलाय, त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर लोक आर्क काढतात असं व्हिडिओत बघितलंय. नाहीतर भिंतीतल्या प्लगमधून वायर काढून मध्ये मिठाच्या पाण्याची बादली टाकायची म्हणजे करंट कमी होतो म्हणे. नाहीतर चार बॅटऱ्या सिरीजमध्ये. यातलं काय सोपं पडेल?

सौदामिनी:
नवशिका, पहिली दोन नावं यादीतून आत्ताच्या आत्ता खोडा. मी हात जोडून सांगतेय.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण दोन हजार व्होल्ट निघतात आणि सोबत माणूस मारायला लागतो त्याच्या कितीतरी पट करंट. हात चुकला तर झटका बसून हात मागे येत नाही, स्नायू आकडतात आणि माणूस तिथेच चिकटतो. घरच्या एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, त्याला तो नेहमीचा लोडच वाटतो. गळती झाली की वीज तोडणारी आरसीसीबीसुद्धा वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती तिला दिसत नाही. असल्या प्रयोगांत हौशी लोक खरोखर गेलेत, व्हिडिओ काढणाऱ्यांचं नशीब बघून आपण करायचं नाही.

मिठाच्या पाण्याची बादली म्हणजे उघड्यावर ठेवलेलं मेन सप्लायचं पाणी. बादली कलंडली, हात ओला झाला, संपलं.

बॅटऱ्यांबद्दल. चार म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्ट, हिशोबाने आर्क पेटतो, पण लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, त्याच्या शेजारी उघडा आर्क नको. शिवाय डीसी तोडायला घरातला साधा स्विच चालत नाही. एसीचा करंट दर सेकंदाला शंभरेक वेळा शून्यावर येतो म्हणून स्विचमधली ठिणगी आपोआप मरते, डीसीत ती मरतच नाही, स्विचच्या आतच आर्क पेटून राहतो. मशीन मिळेपर्यंत थांबा, हे माझं प्रामाणिक मत.

आता बादलीमागचा विचार का येतो ते सांगते, कारण त्यात या विषयातली सगळ्यात गोड गोष्ट दडलीये. आपल्याला ओहमचा नियम पाठ असतो, करंट वाढवायचा तर व्होल्टेज वाढवा. आर्क उलटा वागतो. त्यातून करंट जितका जास्त, तितकी मधली वाफ जास्त तापते, तितकी ती वीज जास्त सहज वाहू देते, म्हणजे लागणारं व्होल्टेज कमीच होतं. मग अजून करंट, अजून गरम. लगाम नसेल तर तो फ्यूज उडेपर्यंत वाढत जातो, आणि जरा कमी झाला की विझेपर्यंत कमी होत जातो. म्हणून जुन्या आर्क दिव्यांत सिरीजमध्ये रेझिस्टन्स नाहीतर चोक (तारेचं वेटोळं) असायचाच असायचा. वेल्डिंग मशीन हा लगाम आतूनच लावतं, ते करंट ठरावीक ठेवतं.

आता काजळींच्या फिस्स आवाजाकडे येते. त्याच्यावर एका बाईने आयुष्यातली कित्येक वर्षं घातलीयेत! हर्था आयर्टन. तेव्हा इंग्लंडात रस्त्यावर आर्क दिवे होते आणि ते लुकलुकायचे, फिसफिसायचे, कारण कुणालाच धड माहीत नव्हतं. हिने दाखवून दिलं की धन कांडीच्या टोकाला जो तापून पांढरा झालेला खळगा पडतो, तो कांडीच्या टोकात मावेल एवढा असेपर्यंत कार्बनची वाफ त्याला झाकून ठेवते आणि आर्क शांत जळतो. करंट वाढला की खळगा मोठा होतो, टोकावर मावेनासा होऊन कडेवर चढतो आणि तिथे हवेतला ऑक्सिजन थेट त्याला जाऊन भिडतो. तोच आवाज. १८९९ मध्ये तिने हा निबंध इंग्लंडमधल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे स्वतः वाचला आणि त्याच वर्षी त्या संस्थेची पहिली बाई सभासद झाली. १९०२ मध्ये आर्कवर तिचं जाडजूड पुस्तक आलं आणि १९०६ मध्ये रॉयल सोसायटीचं ह्यूज पदक मिळालं. मला ही बाई फार आवडते. ज्या आवाजाला सगळे वैतागले होते तो तिने ऐकत बसून समजून घेतला.

तिचं समीकरणही आहे. शांत आर्कचं व्होल्टेज म्हणजे ३८.९, अधिक २.०७ गुणिले गॅप मिमीमध्ये, अधिक एक छोटा भाग जो करंट वाढला की कमी होतो: ११.७ अधिक १०.५ गुणिले गॅप, या सगळ्याला भागिले अँपिअर. तीन मिमी गॅप आणि वीस अँपिअर टाकून बघा, ४७ च्या आसपास येतं. म्हणजे गॅप जवळजवळ शून्य केला तरी चाळीसच्या घरातच, होल्डरदादा म्हणाले तेच. आणि फिस्स सुरू झालं की व्होल्टेज एकदम दहाएक व्होल्टने खाली पडतं.

थोडक्यात काजळी, तुमची कांडी बारीक आणि करंट जास्त. साडेसहा मिमीच्या टोकावर चाळीस अँपिअरचा खळगा मावणार कुठून?

काजळी:
सौदामिनीताई, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मी ज्याला बिघाड समजत होतो तो खळगा कडेवर चढल्याचा आवाज होता. होल्डरदादा, काच माझी अकरा नंबरची होती, आता चौदाची घेतो. जाड कांड्या मिळतात का बघतो, तेरा मिमी धन बाजूला आणि दहा मिमी ऋण बाजूला असा विचार आहे. बघायचं कसं ते अजून राहिलंच.

प्रश्नचिन्ह:
मध्येच घुसतोय. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला शाळेच्या प्रदर्शनात शिसपेन्सिलीच्या शिसाचा आर्क दाखवायचाय. आणि त्याचा दुसरा प्रश्न, ग्राफाइट एवढं तापवलं तर त्याचा हिरा होतो का? मला उत्तर देता येईना.

जुना_होल्डर:
प्रदर्शनात आर्क अजिबात नको. समोर पन्नास पोरं विनाकाचेची उभी राहणार आणि रात्री पन्नास घरांत डोळे चुरचुरणार.

सौदामिनी:
शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. ते मिश्रण भाजून त्याच्या कांड्या करायची रीत फ्रान्समधल्या काँतेने १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि वीज वाहायला नाखूष. मुलाला हेच दाखवू द्या की. कागदावर मऊ पेन्सिलीने जाड पट्टा घासायचा, नऊ व्होल्टचा सेल, एक एलईडी, पट्टा जितका लांब तितका उजेड मंद. रेझिस्टन्स म्हणजे काय ते बोटाने दाखवता येतं, धोका काही नाही.

हिऱ्याचं, नुसत्या उष्णतेने होत नाही, प्रचंड दाब लागतो. साध्या हवेच्या दाबाला ग्राफाइट वितळतसुद्धा नाही, साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलं की घन रूपातून सरळ वाफ होते. आर्कच्या कांडीला एवढं तापमान झेपतं ते म्हणूनच. फ्रान्समधल्या मॉयसाँने आर्कच्या भट्टीत लोखंड आणि कार्बन तापवून १८९३ मध्ये हिरे केल्याचा दावा केला होता, नंतर कुणाला ते तसे करून दाखवता आले नाहीत. खरे कृत्रिम हिरे १९५४ मध्ये दाबाच्या यंत्रातून आले. पण मॉयसाँची भट्टी मात्र अस्सल, १९०६ च्या नोबेलमध्ये तिचा उल्लेख आहे.

आणि त्याला सांगा, हिरा नाही पण कार्बनचा एक नवाच प्रकार आर्कमधून मुबलक मिळाला. साठ अणूंचा फुटबॉल. क्रेचमर आणि हफमन यांनी १९९० मध्ये ग्राफाइटच्या कांड्या हवेत न जाळता कमी दाबाच्या हीलियममध्ये तापवल्या, जमलेली काजळी बेंझीनमध्ये ढवळली आणि द्राव लाल झाला. नुसती काजळी कशातच विरघळत नाही हो, रंग आला म्हणजे तिच्यात दुसरं काहीतरी होतं. घरच्या हवेत हे होत नाही, ऑक्सिजन सगळं खाऊन टाकतो.

रीळवाला:
काजळी, बघायचं कसं ते मी सांगतो. माझे वडील सिनेमाचे ऑपरेटर होते, झेनॉन दिवे यायच्या आधीचे, कार्बनवाले. लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये किती संध्याकाळी गेल्यात त्याचा हिशोब नाही. प्रोजेक्टरच्या मागे पत्र्याची पेटी, तिच्या आत दोन कार्बन समोरासमोर, मागे मोठा गोल आरसा. वडील आर्ककडे कधीच थेट बघायचे नाहीत. पेटीच्या बाजूला एक बारीक भोक आणि त्यात भिंग होतं, त्यातून आर्कचं चित्र शेजारच्या पांढऱ्या कार्डावर पडायचं, उलटं आणि मोठं. कार्डावर पेन्सिलीने दोन रेघा मारलेल्या. एक कार्बन या रेघेवर, दुसरा त्या रेघेवर. कार्बन झिजला की चित्रातलं टोक रेघेपासून सरकायचं, ते बसल्याजागी हात लांब करून मूठ अर्धा आटा फिरवायचे की टोक परत रेघेवर. गप्पा मारता मारता. डोळा कार्डावर, हात मुठीवर, आणि कान बहुतेक आर्कच्या आवाजावर, कारण आवाज बदलला की ते बोलताना मध्येच थांबायचे.

धन कार्बन नेहमी जाड असायचा. मी विचारलं होतं का, तर म्हणाले तो दुप्पट वेगाने जळतो, दोघं बरोबर संपले पाहिजेत.

तर तुम्ही आर्कच कार्डावर आणा. पेटीतून प्रकाश थेट बाहेर येता कामा नये, फक्त भिंगातून. भिंग काचेचं घ्या, प्लॅस्टिकचं वितळेल, आणि काच घातक अतिनीलही बरंचसं अडवते.

सौदामिनी:
रीळवाला, हे किती सुंदर लिहिलंत! आणि गंमत बघा, आयर्टनबाईसुद्धा हेच करायच्या, आर्कची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडून तिच्यावर गॅप आणि खळगा मोजायच्या.

हिशोब देते. भिंगाचं नाभीय अंतर १५ सेमी असेल तर आर्क भिंगापासून १८ सेमीवर ठेवा, प्रतिमा पलीकडे ९० सेमीवर पडेल आणि पाच पट मोठी. तीन मिमीचा गॅप दीड सेमीचा दिसेल. भिंग आर्कच्या फार जवळ नेऊ नका, तडकतं.

काजळी:
पंधरा दिवसांनी येतोय. झालं! सविस्तर लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

जाड पत्र्याची पेटी केली, आतून काळा उष्णतारोधक रंग, वर आणि खाली वाकड्या वाटेच्या फटी, म्हणजे हवा जाईल पण प्रकाश सरळ बाहेर येणार नाही. खाली फायरब्रिक, आधी दोन दिवस उन्हात आणि मग ओव्हनमध्ये वाळवलेली, कारण ओली वीट तापली की वाफेने फुटते. कांड्या आडव्या, समोरासमोर, दोन्ही बाजूंना इन्सुलेटेड पकड. ऋण बाजू आटेवाल्या दांड्यावर, त्याला लाकडी मूठ, एक आटा म्हणजे सव्वा मिमी. धन तेरा मिमी, ऋण दहा. मशीन पेटीपासून दीड मीटर लांब आणि पंख्याची बाजू उलटीकडे, कारण ग्राफाइटची भुकटी वीज वाहते, ती आत ओढली गेली तर बोर्ड जळायला वेळ लागणार नाही. दार उघडं, एक्झॉस्ट चालू, सोबत भाऊ मेन स्विचपाशी उभा. तरीही शील्ड हाताशी आणि बाह्या खाली.

मशीन वीसवर. मूठ फिरवत टोक टेकवलं, परत मागे घेतलं. आणि समोरच्या पांढऱ्या कार्डावर ते आलं.

मी दोन महिने ज्याला हिरवा ठिपका म्हणत होतो ते असं असतं? डावीकडे धन कांडी, टोकाला चपटी, त्यात उथळ खळगा आणि तो खळगा म्हणजे सगळा प्रकाश. उजवीकडची ऋण कांडी निमुळती होत गेलेली, टोकाला फक्त एक छोटा पांढरा ठिपका. मधे आर्क स्वतः तर चक्क फिकट! जांभळट, पातळ, आणि त्याच्याभोवती हिरवट-पिवळसर झालर हलतेय. माझी समजूत होती की आर्क म्हणजे ती मधली वीज झगमगते. नाही हो, झगमगतं ते धन टोक, तापलेला कार्बन. मधलं जांभळं त्याच्यापुढे सावलीसारखं वाटतं. ऋण कांडीवर कुठे कुठे चकाकणारे बारीक थेंब फिरताना दिसत होते, बहुतेक कांडीतल्या अशुद्धीचे, ग्राफाइट तर वितळत नाही.

आणि आवाज नाही. म्हणजे मशीनचा पंखा ऐकू येतो एवढी शांतता. भाऊ म्हणाला बंद पडलं का.

मग मीटर लावलं (मशीन साधं आहे, टिग वेल्डिंगच्या, आर्क पेटवायला उच्च वारंवारतेचं मोठं व्होल्टेज सोडणाऱ्या (एचएफ स्टार्ट) मशीनला कुणी मीटर लावू नका, मीटर जाईल). ४६ आणि ४७ च्या मधे हलत होतं. ताई, तुमचं ४७! शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या बाईचं समीकरण माझ्या शेडमध्ये एका व्होल्टच्या फरकाने बरोबर आलं, मी नुसता मीटरकडे बघत उभा राहिलो.

मग सावकाश करंट वाढवला. पंचवीस, तीस. खळगा कार्डावर रुंदावत गेला, कडेला भिडला. पस्तीसच्या आसपास खालची कड ओलांडून तो कांडीच्या अंगावर उतरला, आणि त्याच क्षणी फिस्स्स, मीटर धाडकन ३७. झालर हिरवी झाली आणि आर्क गरगर फिरायला लागला. करंट कमी केला, खळगा मागे सरकला, आवाज बंद, मीटर वर. चार वेळा केलं, चारही वेळा डोळ्यासमोर कड ओलांडताना दिसली आणि कानाला तेव्हाच आवाज आला.

शेवटी कार्डातच एक बारीक फट कापून त्यातून येणारा प्रकाश जुन्या डीव्हीडीच्या तुकड्यावर घेतला. खळग्याचा प्रकाश सलग पट्टा, सगळे रंग. पण फटीवर मधला जांभळा भाग आणला तर हिरव्यात आणि जांभळ्यात वेगळे पट्टे उठून दिसले. ते काय आहेत?

सौदामिनी:
वाचता वाचता मीच उभी राहिले. हिरवे पट्टे जोडकार्बनचे, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंच्या जोडीचे, त्यातला ठळक ५१६ नॅनोमीटरच्या आसपास, स्वान पट्टे म्हणतात. जांभळ्यातले सायनोजनचे, म्हणजे कार्बन आणि हवेतला नायट्रोजन आर्कमध्ये एकत्र येतात त्याचे, ४२१ च्या आसपासचा तुम्हाला दिसला असणार, ३८८ चा त्याहून जोरदार असतो पण डोळ्याच्या हद्दीवर आहे. हाच नायट्रोजन ऑक्सिजनशीही जुळतो, नायट्रोजनची ऑक्साइडं होतात, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आहेच, त्याला तर वासही नसतो. एक्झॉस्ट ठेवलात ते फार बरं केलंत, एका वेळी दहा मिनिटांच्या वर चालवू नका.

जुना_होल्डर:
एवढी वर्षं होल्डर हातात धरला, आर्क हजारो तास जाळला असेल. जांभळा असतो हे आज कळलं. मशीन मोकळं असेल त्या रविवारी मी पण पेटी करतो.

नवशिका:
मायक्रोवेव्ह भंगारात दिला, ट्रान्सफॉर्मरसकट. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मशीन आहे, ते म्हणालेत शनिवारी ये, आमच्यासमोर कर.

काजळी:
एक शंका राहिली. गॅप दीड-दोन मिमीवर बराच वेळ ठेवला की ऋण टोकावर काळी टोपी वाढते, अळंबीसारखी, आणि प्रकाश झाकते. काय चुकतंय?

रीळवाला:
टोकं फार जवळ आहेत. धन बाजूची वाफ समोर जाऊन जमते, तिला वाट मिळत नाही. वडील अशी टोपी दिसली की मूठ उलटी फिरवायचे, गॅप जरा मोठा, आणि थांबायचे. टोपी जळून गळून पडायची. मग परत रेघेवर.

काजळी:
आत्ता करून आलो. तीन मिमीच्या जरा पुढे नेला, मिनिटभरात टोपी कडेने पांढरी झाली, मधून मोडली आणि कार्डावर वरच्या दिशेने पडली, कारण चित्र उलटं. कार्डावर मी पण पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात.